परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना: बेळगावच्या कारखान्यांत नव्यानं लागलेल्यांसाठी

उद्यमबाग, मच्छे, होनगा, नावगे इथल्या कारखान्यांत दर वर्षी नवी मुलं-मुली मार्केटिंगला, क्वालिटीला, डिस्पॅचला लागतात. डिप्लोमा किंवा बी.ई. झालेलं असतं, ड्रॉइंग वाचता येतं, आणि काही महिन्यांतच एखाद्या जर्मन किंवा अमेरिकन गिऱ्हाइकाचं काम अंगावर येतं. तेव्हा बहुतेकांना धास्ती वाटते ती इंग्रजीची. ही धास्ती चुकीच्या जागी आहे, असं मला मनापासून वाटतं. व्याकरण चुकलं म्हणून ऑर्डर गेल्याचं मी पाहिलेलं नाही. उशीर होणार हे वेळेवर न कळवल्यामुळे, तोंडदेखल्या होकारामुळे आणि 'ते घेतील समजून' या भरवशावर राहिल्यामुळे गेलेली गिऱ्हाइकं मात्र पाहिली आहेत.

सीमाभागातल्या माणसाला भाषा बदलणं नवं नाही. घरात मराठी, मशीनवर कन्नड, खडेबाजारात हिंदी-उर्दू, गोव्याचा माणूस भेटला तर कोकणी. बैलहोंगलच्या ऑपरेटरशी बोलताना शब्दाच्या शेवटी आदराचं 'री' आपसूक लागतं, खानापूरच्या मित्राला 'काय रे' चालतं, मालकांना 'तुम्ही'. समोरचा कोण आहे हे ओळखून बोलायचं, ही सवय आपल्या अंगात आहे आणि ती फार मोलाची आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या भाषांत आपली रीत एकच आहे. तोंडावर 'नाही जमणार' म्हणणं मराठीतही जड जातं आणि कन्नडमध्येही. आपण भाषा बदलतो, रीत बदलत नाही. परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना रीत बदलावी लागते, आणि शिकायचं ते तेच.

आधी एक पान तयार करा

गिऱ्हाईक कुठल्याही देशाचं असो, पहिलं पत्र पाठवण्याआधी त्याच्यासाठी एक पान लिहून टेबलासमोर चिकटवा. त्यावर पहिली गोष्ट, वेळ. जर्मनीत हिवाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. आपले दुपारचे दोन वाजतात तेव्हा तिथे हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. युरोपात घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या काही आठवड्यांत दोघांचे हिशेब वेगवेगळे असतात आणि कॉल चुकतात ते नेमके तेव्हाच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माणसाला सकाळी भेटायचं तर तुम्हाला संध्याकाळी साडेसहानंतर थांबावं लागेल. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं ते सकाळी, जेवणाच्या सुट्टीआधी.

दुसरी गोष्ट, सुट्ट्या. जर्मनीत नाताळ ते नववर्ष कारखाने बहुधा बंदच, ऑगस्टमध्ये अर्धं ऑफिस रजेवर. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला सलग सुट्ट्या, शिवाय ऑगस्टच्या मध्यात ओबोन. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो. सौदीत मात्र शुक्रवार-शनिवार. आणि आपल्या सुट्ट्या त्यांना आधी कळवा. बेळगावात गणपतीत काम किती मंदावतं हे आपल्याला माहीत आहे, स्टुटगार्टच्या खरेदी अधिकाऱ्याला नाही. जानेवारीतच वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी पाठवून दिली, की सप्टेंबरमध्ये खुलासे करत बसावं लागत नाही.

तिसरी गोष्ट, आकडे. हा भाग नीट वाचा, पैशाचं नुकसान इथेच होतं. जर्मन माणूस दशांशासाठी स्वल्पविराम वापरतो आणि हजारासाठी टिंब. त्याच्या कागदावर १.२५० लिहिलेलं असेल तर ते एक हजार दोनशे पन्नास असू शकतं. आपण ते सव्वा समजतो. कोटेशनमध्ये लाख-कोटीच्या जागी स्वल्पविराम टाकू नका, १,५०,००० ऐवजी मध्ये नुसती जागा सोडून १५० ००० लिहा. तारीख ०४/०५/२०२६ अशी लिहिली तर बेळगावात ती ४ मे आणि अमेरिकेत ५ एप्रिल. म्हणून महिना नेहमी अक्षरात. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधलं प्रोजेक्शनचं, म्हणजे वस्तूच्या बाजू कागदावर कुठल्या पद्धतीनं मांडल्या आहेत त्याचं, चिन्ह बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. युरोप आणि आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं, अमेरिका आणि जपानमध्ये थर्ड अँगल. अमेरिकन ड्रॉइंग इंचात असेल तर २५.४ नं गुणून मिलिमीटर काढता येतात, पण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) राउंड करताना कुठे थांबलात ते त्यांना लिहून विचारा. धातूच्या ग्रेडचंही तसंच. जर्मन ड्रॉइंगवर बिडाचा ग्रेड ईएन-जीजेएल-२५० असा असतो, जुन्या ड्रॉइंगवर जीजी २५. आपल्याकडचा एफजी २६० त्याच्या जवळचा, पण तोच नव्हे. 'इक्विव्हॅलंट' असा मोघम शब्द लिहून मोकळं होऊ नका. कुठला ग्रेड ओतणार, त्याची ताकद आणि कडकपणा किती, हे लिहून त्यांची लेखी मान्यता घ्या.

पहिलं पत्र

पहिल्या पत्रात आपण कोण, हे सरळ सांगा. आपल्याकडे एका ऑफिसात तीन-तीन पाटील असतात, आणि पाटील बाई की बुवा हे परदेशातल्या माणसाला कळायला मार्ग नाही. जर्मन माणसाला तर पत्राच्या मायन्यातच हेर लिहायचं की फ्राऊ, हे ठरवावं लागतं. सहीखाली पूर्ण नाव, श्री. किंवा श्रीमती, आणि तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारावी, एवढं लिहिलंत तर त्याची अडचण मिटते. जर्मनीत समोरचा स्वतःहून म्हणेपर्यंत आडनावानंच बोलवा. नावाआधी डॉक्टर असेल तर ते गाळू नका. अमेरिकन माणूस दुसऱ्या पत्रातच पहिल्या नावावर येतो, तेव्हा तुम्हीही या, संकोच करू नका. तिथे 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं की उलट अंतर पडतं.

पत्राचा विषय पहिल्या दोन ओळींत यायला हवा. आपल्याला आधी ख्यालीखुशाली, मग कंपनीचा इतिहास, मग मालकांचा अनुभव आणि शेवटी मुद्दा अशी सवय आहे. आखाती देशांत ही चाल चालते, नव्हे, आवडते. जर्मन आणि अमेरिकन माणूस तिसऱ्या ओळीपर्यंत मुद्दा आला नाही तर पत्र बाजूला ठेवतो.

आपल्याला जे उघड वाटतं ते त्यांना माहीत नसतं, हेही पहिल्या पत्रातच सांभाळायचं. हे फक्त कास्टिंगवाल्यांसाठी, म्हणजे ओतीव भाग बनवणाऱ्यांसाठी नाही. अथणी-निपाणीकडची चप्पल परदेशी पाठवू पाहणाऱ्या तरुणांना मी आवर्जून सांगेन. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हेही आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या आणि जगभर चर्चा झाली. तेव्हा इटलीतल्या दुकानदाराला तुमच्या चपलेचं नाव ओळखीचं असेलही, पण कातडं झाडाच्या सालीनं आणि फळांनी कमावलेलं असतं, हातानं शिवलेलं असतं, पावसात भिजवायचं नसतं, आणि दोन जोड अगदी तंतोतंत सारखे निघत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? आधी सांगितलं तर तो गुण, माल पोहोचल्यावर सांगितलं तर ती तक्रार.

कॉलवर बसताना

जर्मन, स्विस, जपानी माणसाबरोबर दहाचा कॉल म्हणजे दहाला दोन मिनिटं कमी असताना तुम्ही स्क्रीनवर हवे. आधीच्या दिवशी तीन-चार मुद्दे लिहून पाठवा. कॉलवर कोण कोण बसणार तेही कळवा, कारण आपल्याकडे ऐन वेळी मालक, फोरमन आणि अकाउंटवाले सगळेच खुर्च्या ओढून बसतात आणि समोरच्याला कुणाशी बोलावं ते कळत नाही. आपापसांत मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलायची वेळ आली तर आधी सांगा, की आम्ही दोन मिनिटं आपसांत बोलतो. न सांगता बोललात तर त्यांना वाटतं काहीतरी लपवताय.

मान हलवण्याबद्दल एक सूचना. आपली डोलणारी मान त्यांना हो की नाही ते कळत नाही, म्हणून उत्तर तोंडानं द्या. उलट, जपानी माणूस मान हलवत असेल तर त्याचा अर्थ तो ऐकतोय, एवढाच धरा. त्याला मान्य आहे का, हे त्याच्या ऑफिसात सगळ्यांशी बोलणं झाल्यावर कळेल. त्याला लागणाऱ्या वेळाला कंटाळू नका. ठरायला उशीर लागतो, पण एकदा ठरलं की बदलत नाही. आणि जपानी किंवा कोरियन माणूस बोलता बोलता गप्प झाला तर ती जागा भरायला धावू नका. आपल्याला शांतता सोसत नाही, मग आपण घाईनं भाव उतरवतो.

कॉल संपला की त्याच दिवशी काय ठरलं ते पत्रानं पाठवा. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. उच्चारांमुळे जे निसटलं असेल ते इथे सापडतं.

वाईट बातमी कशी कळवावी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा.

समजा १२०० नगांची ऑर्डर आहे, १४ मेला निघायची. १ मेला कळलं, की कोअर बॉक्स, म्हणजे आतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याचा साचा, झिजलाय आणि त्या पोकळीचं माप जातंय. आपली नेहमीची चाल अशी: आठ-दहा दिवस गप्प बसायचं, काहीतरी करून भागवायचं, आणि १३ तारखेला पत्र पाठवायचं, की काही अपरिहार्य कारणामुळे थोडा उशीर होतोय, आम्ही पूर्ण प्रयत्न करत आहोत, सहकार्य करावं. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला वाटतं, उगाच त्यांना काळजी कशाला, जमलं तर कळवायचीही गरज नाही. पण तिकडे त्याच कास्टिंगवर एक असेंब्ली लाइन चालते, आणि 'थोडा उशीर' म्हणजे दोन दिवस की दोन आठवडे, हे त्यावरून कळत नाही.

१ मेला, फार तर २ मेला जाणारं पत्र असं हवं. 'ऑर्डर क्रमांक अमुक. १२०० पैकी ८०० नग ठरल्याप्रमाणे १४ मे रोजी निघतील. उरलेले ४०० नग २८ मे रोजी निघतील. कारण: कोअर बॉक्स झिजला आहे, नवा ९ मे रोजी तयार होईल, पहिल्या पाच नगांचा मापांचा अहवाल १२ मे रोजी पाठवू. तुमच्याकडचा साठा कोणत्या तारखेपर्यंत पुरेल ते कृपया कळवा. गरज असल्यास १०० नग विमानानं पाठवता येतील, त्याचा खर्च आम्ही करू.' यात माफी आहे की नाही याकडे जर्मन माणूस फारसं बघत नाही. तो आकडे आणि तारखा बघतो, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर शांत असतं, कारण त्याला नियोजनासाठी दोन आठवडे मिळालेले असतात.

विमानाच्या खर्चाची ओळ मालकांना विचारल्याशिवाय लिहू नका, हे सांगायला नको. पण मालकांकडे त्याच दिवशी जा. 'साहेबांना आत्ता सांगितलं तर चिडतील' म्हणून बातमी टेबलावरच राहते, आणि परदेशी गिऱ्हाइकाला उशिरा कळण्याचं मूळ पुष्कळदा आपल्याच ऑफिसात असतं. मालकमंडळींनाही हात जोडून सांगणं आहे, वाईट बातमी घेऊन येणाऱ्या पोरावर आवाज चढवू नका. पुढची बातमी मग तो आणणार नाही.

देशागणिक यात थोडा फरक करा. जपानी गिऱ्हाइकाला आधी मनापासून दिलगिरी हवी, आणि त्यानंतर नवीन काही घडलं नसलं तरी रोज चार ओळी. अमेरिकन माणूस लगेच 'आता पुढे काय' विचारतो, म्हणून उपाय वर लिहा, कारण खाली. दुबई-मस्कतच्या व्यापाऱ्याला आधी फोन करा, पत्र मागून. नुसतं पत्र आलं तर त्याला ते परकेपणाचं वाटतं. इंग्रज माणसाच्या सौम्य शब्दांना फसू नका, 'आम्हाला थोडी चिंता वाटते' असं त्यानं लिहिलं तर प्रकरण गंभीर आहे असं समजून त्याच दिवशी उत्तर द्या.

रिजेक्शनची तक्रार आली की वाहन उद्योगातलं गिऱ्हाईक एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल, मागतं. पहिलं उत्तर, म्हणजे सदोष माल कुठे कुठे आहे आणि तो अडवला का, हे बहुतेकांना २४ तासांत हवं असतं. मूळ कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक, समज दिली' असं लिहू नका. तो रिपोर्ट परत येतो आणि यावाही. ऑपरेटरला ती चूक करता आली, ती पुढे कुणाला दिसली नाही, असं का, हे त्यांना हवं असतं. सुरुवातीला हे आपल्याला अंगावर आल्यासारखं वाटतं. जर्मन माणूस कॉलवर 'हे चुकीचं आहे' असं सरळ म्हणतो तेव्हा तो कागदाबद्दल बोलत असतो, तुमच्याबद्दल नव्हे. तोच माणूस संध्याकाळी तुमच्याबरोबर हसतखेळत जेवतो.

मशीनवरचा माणूस काय म्हणाला

ऑडिटर आला की तो थेट ऑपरेटरला विचारतो. जर्मन पद्धतीच्या व्हीडीए ६.३ ऑडिटमध्ये, म्हणजे वाहन उद्योगातल्या कामाच्या पद्धतीच्या तपासणीत तर हे ठरलेलंच. इथे सीमाभागातल्या नव्या इंजिनिअरवर मोठी जबाबदारी येते, कारण ऑपरेटर गोकाकचा, उत्तर कन्नडमध्ये, सुपरवायझरचं मराठी आणि ऑडिटरचं इंग्रजी.

ऑडिटर विचारतो, जॉब (मशीनवरचा नग) खराब निघाला तर काय करता? ऑपरेटर म्हणतो, लाल पेटीत टाकतो, पण दुसऱ्या पाळीला पेटी भरलेली असते, मग खाली ठेवतो. दुभाषा झालेला सुपरवायझर सांगतो, 'लाल पेटीत टाकतो.' ऑडिटरची नजर मशीनच्या पायाशी पडलेल्या दोन जॉबवर आधीच गेलेली असते. आता पेटी लहान असल्याची किरकोळ नोंद बाजूला राहते आणि तुमच्या शब्दावरचा विश्वास जातो.

म्हणून दुभाषाचं काम करताना ऑपरेटर जे बोलला ते पूर्ण सांगा. सावरून घ्यायचं असेल तर त्यानंतर, स्वतःच्या नावानं: 'हा मुद्दा बरोबर आहे, आम्ही दुसरी पेटी ठेवू.' आणि ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा, की खरं बोललास तर तुझ्यावर काही येणार नाही. कामाच्या सूचना कन्नड आणि मराठी दोन्हींत, फोटोसह लावा. गिऱ्हाइकाची मागणी बदलली की इंग्रजी पत्र फक्त ऑफिसच्या फाइलला जाऊन चालत नाही, ती मशीनपर्यंत त्या माणसाच्या भाषेत पोहोचायला हवी. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात, तिथे एका मापाच्या चुकीची किंमत काय असते ते तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

भाव आणि अटी

भाव सांगताना जागा आणि नियमाचं वर्ष दोन्ही लिहा: 'एफओबी न्हावा शेवा, इन्कोटर्म्स २०२०.' इन्कोटर्म्स म्हणजे मालाचा खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची, ते ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी आपली. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा त्यांच्या बंदरापर्यंत आपण भरतो, पण जोखीम मात्र आपल्याकडच्या बंदरात जहाजावर माल चढल्यावरच त्यांच्याकडे जाते. हे दोन्ही पक्षांना माहीत आहे असं गृहीत धरू नका. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपला जाणारी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि दहा-बारा दिवस वाढले. असं काही झालं तर गिऱ्हाइकानं बातमी वाचली असेलच, पण आपल्या मालाचं काय, हे त्याला तुमच्याकडून ऐकायचं असतं.

घासाघीस सगळीकडे सारखी नाही. आखातात पहिला भाव हा बोलण्याची सुरुवात असतो. जर्मन खरेदी अधिकारी खर्चाची फोड मागतो: धातू किती, मशीनिंग किती, पॅकिंग किती. तिथे पहिल्याच फेरीत वीस टक्के उतरलात तर आधीचा भाव खोटा होता असा अर्थ निघतो. लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का आहे ना, तेवढं डिस्पॅचआधी बघा.

पाहुणे येतात तेव्हा

सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणार की गोव्याहून गाडीनं येणार ते विचारा. घाटाचा रस्ता किती वेळ घेतो ते खरं सांगा. जुलै-ऑगस्टमध्ये येत असतील तर इथल्या पावसाची कल्पना द्या. काय खात नाहीत ते आधी विचारा आणि तिखट कमी करायला सांगा. दुसऱ्यांदा वाढण्याचा आग्रह एकदाच करा. लग्न झालं का, पगार किती, हे युरोपियनांना विचारू नका. अरब पाहुण्याला घरच्यांची खुशाली विचारा, पण बायकोबद्दल वेगळं विचारू नका. मुलींनी, पाहुण्यानं हात पुढे केला नाही तर मनाला लावून घेऊ नये, छातीवर हात ठेवून नमस्कार पुरतो. जपानी माणसाचं कार्ड दोन्ही हातांनी घ्या, वाचा, लगेच खिशात टाकू नका. निघताना कुंद्याचा (बेळगावी मिठाईचा) डबा जरूर द्या. महागडी चांदीची मूर्ती देऊ नका, बऱ्याच कंपन्यांत भेटवस्तूला मर्यादा असते आणि माणूस अवघडतो.

ऑर्डर गेल्यावर

माल पोहोचला का, पेट्या उघडल्यावर गंज तर नव्हता ना, हे स्वतःहून विचारा. गिऱ्हाइकाच्या एका पानाची आता फाइल झालेली असेल. त्यात त्यांच्या सुट्ट्या, कुणाला फोन चालतो, कुणाला पत्रच हवं, कुठल्या टॉलरन्सवर ते अडून बसतात, मागच्या तक्रारी कशा मिटल्या, हे सगळं लिहीत जा. ही फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर न ठेवता ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवा. आपल्याकडची मुलं दोन-चार वर्षांत पुणे-बेंगळुरूला जातात, आणि गिऱ्हाईक मात्र बेळगावातच राहिलेलं असतं.